माहीमच्या बाबांमुळे तफसीर वाचायला लागले

डिसेंबर लागला की माहीमची जत्रा. आम्ही दादरला राहायचो, त्यामुळे आई मला आणि भावाला दरवर्षी न चुकता घेऊन जायची, मोठे पाळणे, खाजा, रंगीत हलव्याचे थर, आणि पोलिसांचा संदल, म्हणजे चंदनाची मिरवणूक, बघायला तर एवढी गर्दी की मामा भावाला खांद्यावर बसवायचा. उरसात पहिला संदल पोलिसांचा हे मुंबईत सगळ्यांना माहितीये. आई दर्ग्यात जाऊन हात जोडायची, काहीतरी पुटपुटायची आणि मग आम्ही हलवा घेऊन घरी. मखदूम बाबा म्हणजे नवसाला पावणारे, एवढंच डोक्यात होतं, ते कोण होते, काय करायचे हे कधी कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मग तीन वर्षांपूर्वी मी अरबीच्या क्लासला जायला लागले. रविवारी सकाळी, सहाच जण, सर मूळचे रत्नागिरीकडचे, व्याकरण शिकवता शिकवता मध्येच मराठीत शिरणार आणि मग अर्धा तास गोष्टी. एकदा त्यांनी फळ्यावर कुराणावर भाष्य लिहिणाऱ्या मोठ्या मंडळींची नावं लिहिली. तबरी, जमख्शरी, राझी, कुर्तुबी, बैजावी, आणि सगळ्यात खाली ‘महाइमी’. मी विचारलं सर, हे शेवटचे कुठले? इराणचे का? तर सर म्हणाले, "अहो तुमच्या घराजवळचे. माहीमचे. तुम्ही जत्रेला जाता ना, ते."

मला खरंच दोन मिनिटं काही सुचलं नाही. ज्यांच्या दारात मी लहानपणी हलव्याची पुडी धरून उभी राहायचे त्यांनी अख्ख्या कुराणावर अरबीत भाष्य लिहिलंय, आणि ते 19 व्या शतकात कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात दोन भागांत छापलं गेलंय. त्या दिवसापासून मी तफसीर वाचायला लागले, आधी पीडीएफवर, सरांचा हात धरून, आठवड्याला दोन-तीन पानं. आजची पोस्ट त्याबद्दल आहे. मोठी आहे, पण हे मला लिहायचंच होतं.

तर तफसीर म्हणजे कुराणाच्या आयतींचा, म्हणजे वचनांचा, अर्थ उलगडून सांगणारं भाष्य, आपल्याकडच्या जुन्या अर्थाने टीका म्हणा, मूळ ग्रंथाचं बोट धरून ओळीओळीने चालायचं. आणि ते लिहिणारा तो मुफस्सिर. माझी समजूत अशी होती की धर्मग्रंथाचा अर्थ म्हणजे वरून एक ठरलेला असणार, मोठ्या मौलवींनी सांगितला, खालच्यांनी पाठ केला, संपलं. ही समजूत तबरींच्या पहिल्याच वीस पानांत मोडली.

अबू जाफर तबरी. जन्म 839, कॅस्पियन समुद्राजवळच्या तबरिस्तानात, आमुल नावाच्या गावात, आताच्या इराणमध्ये. वडिलांची थोडी जमीन होती, त्या उत्पन्नातून ते मुलाला पैसे पाठवायचे आणि मुलगा रय, बगदाद, बसरा, कुफा, शाम (म्हणजे सीरियाकडचा भाग), इजिप्त असा गुरू शोधत हिंडत होता. बगदादला निघाला तो अहमद इब्न हनबल या मोठ्या विद्वानांकडे शिकायला मिळेल या आशेने, आणि पोचायच्या थोडं आधीच, 855 साली, ते वारले. एकदा घरचे पैसे यायला उशीर झाला तेव्हा अंगरख्याच्या बाह्या उसवून विकल्या आणि पोट भरलं, असं त्यांच्या चरित्रात येतं. शेवटी बगदादला स्थिरावले, लग्न केलं नाही, लिहीत राहिले, 923 साली तिथेच गेले. त्यांच्या तफसीरीबद्दल एक गोष्ट सांगतात की शिष्यांना त्यांनी विचारलं, कुराणाची तफसीर करूया का, उत्साह आहे? शिष्य म्हणाले किती होईल? हे म्हणाले तीस हजार पानं. शिष्य म्हणाले, अहो वाचून व्हायच्या आधी आयुष्य संपेल. मग त्यांनी ती तीन हजारांवर आणली. आणि ही आटोपशीर आवृत्ती 1903 साली कैरोत पहिल्यांदा छापली तेव्हा 30 भाग झाले!

पण पानांचं सोडा, पद्धत बघा. एक आयत घेतात. मग म्हणतात, भाष्यकारांचं यावर एकमत नाही. काही म्हणाले अमुक, आणि त्याखाली ते कुणी म्हटलं, त्याने कुणाकडून ऐकलं, त्या आधीच्याने कुणाकडून, अशी माणसांची अख्खी साखळी, तिला इस्नाद म्हणतात. मग दुसरे म्हणाले तमुक, परत साखळ्या. तिसरे, चौथे. आणि हे सगळं मांडून झाल्यावर मग स्वतः म्हणतात की आमच्या मते यातलं जास्त बरोबर हे, आणि का, ते सांगतात.

एक उदाहरण नीट सांगते कारण त्याशिवाय कळणार नाही. दुसऱ्या सूरेतली, म्हणजे कुराणाच्या दुसऱ्या अध्यायातली, 238 वी आयत. नमाजा सांभाळा, आणि ‘मधली नमाज’ सांभाळा. बस्स एवढंच. आता नमाजा पाच, फजर, जोहर, असर, मगरिब, इशा. मधली कुठली? वरवर सोपं वाटतं, पाचातली तिसरी मोजा. पण मोजायला सुरुवात कुठून करायची? तबरी एकेक मत मांडत जातात. असर, म्हणजे दुपार उतरल्यावरची, कारण खंदकाच्या लढाईच्या दिवशी पैगंबर म्हणाले होते की या शत्रूंमुळे आमची मधली नमाज, असरची, राहून गेली. नाही, जोहर, असं पैगंबरांचे साथीदार जैद इब्न साबित म्हणतात, कारण ती भर उन्हातली, लोकांना सगळ्यात जड जायची. नाही, मगरिब, कारण तिच्या रकाती, म्हणजे नमाजेतली आवर्तनं, तीन, दोनांपेक्षा जास्त, चारांपेक्षा कमी, म्हणजे ‘मधली’ हे वेळेवरून नाही तर संख्येवरून! नाही, फजर. आणि मग पाचवं मत, जे वाचून मी पेन खाली ठेवलं. पाचातली एक आहे पण कुठली ते सांगितलेलं नाही. रबी इब्न खुसैम या जुन्या विद्वानांना कुणीतरी हेच विचारलं, तर ते म्हणाले, समजा तुला कळलं, तर तू तेवढीच सांभाळशील आणि बाकीच्या सोडून देशील का?

तबरी स्वतः असरच्या बाजूचे. पण त्यांना जे पटलं नाही तेही त्यांनी ठेवलं, पूर्ण ठेवलं, बोलणाऱ्याच्या नावानिशी ठेवलं. आणि याच जागी सईद इब्न मुसय्यब यांची आठवण येते, ते म्हणाले की पैगंबरांच्या साथीदारांमध्ये मधल्या नमाजेबद्दल मतभेद होते, असे, आणि ‘असे’ म्हणताना त्यांनी एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांत अडकवून दाखवली. बघा, हातांची ती खूण ऐकणाऱ्याने पुढच्याला सांगितली, त्याने त्याच्या पुढच्याला, दोनशे वर्षं लोक ती तोंडी सांभाळत आले आणि मग तबरींनी ती कागदावर उतरवली. सरांनी वाचताना स्वतःची बोटं तशी गुंफून दाखवली. मग आम्ही सहाही जणांनी. मतभेद म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे दोन मुठी येतात, आणि इथे तोच शब्द समजावताना एका माणसाला बोटं गुंफावीशी वाटली!

आता यावर कुणी म्हणेल की मग काय, ज्याला जो वाटेल तो अर्थ लावायचा? तसं अजिबात नव्हतं. कुराणाबद्दल जो स्वतःच्या मनाने बोलेल त्याने नरकाच्या आगीत आपली जागा धरून ठेवावी अशी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे आणि ही माणसं तिला मनापासून घाबरायची. अरबी भाषेचं व्याकरण, जुनी अरबी कविता, आयत कुठल्या प्रसंगी उतरली, कुठल्या आयतीचा हुकूम नंतरच्या आयतीने बदलला, एवढं सगळं पायाखाली असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा दंडक होता. म्हणजे मोकळीक होती, पण ती कमवावी लागायची. आज कुठूनतरी एक आयत उचलून, मागचंपुढचं कापून, खाली दोन ओळींत ‘याचा अर्थ हा’ लिहून फॉरवर्ड करणारे दोन्हीकडे आहेत, शिव्या द्यायलाही आणि धाक दाखवायलाही, आणि ते वाचताना मला आता शारीरिक त्रास होतो. कारण मला माहितीये त्या ओळीवर कुणीतरी बाह्या विकून चाळीस पानं लिहून ठेवलीयत.

जमख्शरींचं तर आणखी वेगळं. जन्म 1075, ख्वारज्मचे, म्हणजे मध्य आशियातले, अरबी त्यांची आईची भाषा नव्हे, आणि अरबीच्या व्याकरणात मात्र अरबांनी त्यांच्याकडे यावं एवढा अधिकार. एक पाय गेलेला, लाकडी पाय लावून चालायचे. मक्केत जाऊन राहिले म्हणून ‘जारुल्लाह’, देवाचा शेजारी, असं नाव पडलं. तिथेच त्यांनी ‘कश्शाफ’ ही तफसीर लिहिली, तीस वर्षं लागतील असा अंदाज होता, झाली दोन-सव्वादोन वर्षांत. पण ते मुअतजिली पंथाचे, म्हणजे बुद्धीला फार वर ठेवणारे, कुराण हे निर्माण केलेलं आहे, अनादि नाही असं मानणारे, आणि सुन्नी विद्वानांना हे मान्य नव्हतं. मग काय केलं? पुस्तक फेकलं नाही. अलेक्झांड्रियाच्या इब्न मुनय्यिर यांनी मुअतजिली मुद्दे एकेक काढून खोडणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि छापील कश्शाफमध्ये तो जोडीने येतो, म्हणजे एकाच पानावर लेखक आणि त्याला खोडणारा. बैजावींनी तिच्यातली मतं गाळून, भाषेचं सोनं ठेवून छोटी तफसीर केली, आणि ती शतकानुशतकं आपल्याकडच्या मदरशांतसुद्धा शिकवली गेली. इतिहासकार इब्न खल्दून लिहितात की भाषेसाठी कश्शाफ वाचाच, फक्त स्वतःचा पाया पक्का असू द्या. ज्याचं पटत नाही त्याच्याकडून शिकायचं थांबायचं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

भाषेवरून आठवलं. तबरींची तफसीर त्यांच्या मागे पन्नासेक वर्षांत फारसीत आणायची असं सामानी घराण्याच्या मन्सूर इब्न नूह या राजाने ठरवलं, पण देवाच्या ग्रंथाचा अर्थ दुसऱ्या भाषेत चालेल का ही शंका होती, म्हणून त्याने आधी विद्वानांना विचारलं. त्यांनी हो म्हटलं आणि कुराणातलाच आधार दिला, प्रत्येक पैगंबर आम्ही त्याच्या लोकांच्या भाषेत बोलणारा पाठवला. संस्कृतातला अर्थ मराठीत आणल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं ते सांगायला नको.

आता बाबांकडे येते. अली इब्न अहमद महाइमी, जन्म 1372, मृत्यू 1431 च्या सुमारास. घराणं नवायत, म्हणजे अरबस्तानातून येऊन किनाऱ्यावर वसलेल्या लोकांचं. मुंबई तेव्हा मुंबई नव्हतीच, माहीम हे बेट, गुजरातच्या सुलतानांच्या अमलाखाली आलेलं, आणि बाबा तिथले काजी. आईची गोष्ट दर्ग्यातला कुणीही सांगेल. रात्री आईने पाणी मागितलं, हे घेऊन आले तोवर तिचा डोळा लागला होता, तर उठवायचं नाही आणि जायचंही नाही म्हणून भांडं हातात धरून पहाटेपर्यंत तसेच उभे. वाचताना मला पुंडलिक आठवला, तुम्हालाही आठवला असेल.

त्यांच्या तफसीरीत एक गोष्ट अशी आहे जी मी परत परत उघडून बघते. कुराणात 114 सूरा. नववी सोडली तर प्रत्येकीच्या डोक्यावर तेच वाक्य, बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम, दयाळू कृपाळू देवाच्या नावाने. बहुतेक भाष्यकार पहिल्यांदा त्यावर सविस्तर लिहितात आणि मग पुढे जातात, साहजिक आहे, वाक्य तेच आहे. बाबा थांबतात. प्रत्येक वेळी. त्या सूरेचा विषय काय, तिला ते नाव का पडलं हे सांगून तिथल्या बिस्मिल्लाहचा अर्थ त्या सूरेला धरून नव्याने लावतात. त्यांचं म्हणणं असं की जागा बदलली की वाक्य तेच राहत नाही. आणि एक आयत संपून दुसरी का येते, वरवर तुटक दिसणाऱ्या आयती आतून कशा जोडलेल्या आहेत, हे दाखवायचा त्यांचा ध्यास. सूफी विचारवंत इब्न अरबींना मानणारे होते, सगळ्यात एकच सत्य भरलंय असं बघणारे, त्यामुळे बहुतेक त्यांना तुटकपणा सहनच होत नसावा, हे आपलं माझं मत. हे सगळं माहीमच्या खाडीजवळ बसून लिहिलेलं! मी कॉजवेवरून बसने जाते तेव्हा आता दर वेळी मान वळते.

कुर्तुबींवर मात्र मला थांबायचंय. नावाप्रमाणे कुर्तुबा, म्हणजे स्पेनमधल्या कॉर्डोव्हाचे. 1236 साली ते शहर कास्तिलच्या राजाकडे गेलं, हे इजिप्तला आले आणि 1273 ला तिकडेच वारले. (नेवाश्याला ज्ञानेश्वरी सांगून झाली ती त्यानंतर 17 वर्षांनी, मला अशी सालं शेजारी ठेवून बघायला आवडतं.) त्यांची तफसीर मुख्यतः कायद्याच्या अंगाने आहे, कुठल्या आयतीतून कुठला नियम निघतो. तिसऱ्या सूरेतली 169 वी आयत, देवाच्या वाटेवर मारले गेलेल्यांना मेलेले समजू नका. इथे नियम असा येतो की लढाईत शहीद झालेल्याला आंघोळ घालत नाहीत, रक्ताच्या कपड्यांतच पुरतात. मग पुढचा प्रश्न, लढायला गेलेलाच नव्हता, शत्रूने गावावर अचानक छापा घातला आणि त्यात मारला गेला, तर? रुक्ष कायद्याची चर्चा चाललीये, अमक्याचं मत, तमक्याचं मत, आणि एकदम पुढची ओळ अशी की ही बाब आमच्याकडे कुर्तुब्यात घडली.

हिजरी 627, रमजानची 3 तारीख, म्हणजे 1230 चा जुलै. सकाळी शत्रूने धाड घातली. लोक बेसावध, खळ्यांवर होते. काही मारले, काही धरून नेले. "मारले गेले त्यांत माझे वडील होते."

मग ते सांगतात, मी माझ्या गुरूंना विचारलं, वडिलांना आंघोळ घालू का? ते म्हणाले घाल आणि जनाज्याची नमाज पढ, तुझे वडील दोन फौजांच्या लढाईत पडलेले नाहीत. समाधान झालं नाही. दुसऱ्यांना विचारलं, ते म्हणाले नाही, त्यांना लढाईत पडलेल्यांचाच नियम लागतो. मग काजींकडे गेले, आजूबाजूला बरेच फकीह, म्हणजे धर्मकायद्याचे जाणकार, बसलेले, ते म्हणाले आंघोळ घाल, कफन घाल, नमाज पढ. म्हणून मी तसं केलं. आणि मग पुढचं वाक्य. नंतर कधीतरी पुस्तकात मला हा मुद्दा सापडला. आधी कळलं असतं तर मी त्यांना आंघोळ घातली नसती, त्यांच्या रक्तासकट त्यांच्या कपड्यांतच पुरलं असतं.

बस, आणि चर्चा पुढे चालू. यावर एक अश्रू नाही, एक विशेषण नाही. वडील खळ्यावर मरून पडलेत आणि हा तरुण मुलगा गावभर एका दारातून दुसऱ्या दारात विचारत फिरतोय की त्यांच्यासाठी बरोबर काय, रमजानचा महिना, जुलैचं ऊन. आणि कितीतरी वर्षांनी, देश सुटलेला, गाव गेलेलं, त्याच माणसाने दुसऱ्यांसाठी नियम लिहिताना लिहून ठेवलं की माझ्याकडून हे असं झालं. लपवता आलं असतं, कुणाला कळणार होतं? माझे बाबा गेले तेव्हा मीही अशीच फिरले होते, भटजींनी एक सांगितलं, काकांनी दुसरं, गावच्या आत्यांनी फोनवर तिसरं, आणि एक गोष्ट राहून गेली जी अजून टोचते. कुर्तुबींचं पान वाचलं त्या रात्री मी आईशी पहिल्यांदा त्याबद्दल बोलले.

शेवटचे राझी. फख्रुद्दीन राझी, जन्म रयमध्ये 1149 च्या आसपास, मृत्यू हेरातमध्ये 1210. वादात त्यांना हरवणारा सापडायचा नाही. तत्त्वज्ञान, वैद्यक, तारे, तर्क, सगळं त्यांच्या तफसीरीत आहे, इतकं की जुना टोमणाच आहे, त्यात सगळं आहे फक्त तफसीर नाही. कुराणाची पहिली सूरा फातिहा, जेमतेम सात आयती. राझी बोलून गेले की यातून दहा हजार मुद्दे निघतील, लोकांनी विश्वास ठेवला नाही, तर त्यांनी खरोखर मांडायला घेतलं, आणि छापील आवृत्तीचा पहिला अख्खा खंड फातिहावरच जातो.

आम्ही मात्र यूसुफची सूरा वाचत होतो. याकूबचा लाडका मुलगा हरवलेला, तो रडून रडून डोळे पांढरे करून घेतो, आणि तरी म्हणतो, सब्रुन जमील, सुंदर सबुरी. राझी नेहमीप्रमाणे शंका काढतात, उत्तरं देतात, मुद्दा एक, मुद्दा दोन. ते लिहून झालं हिजरी 601 मध्ये, म्हणजे 1205 च्या मार्चच्या सुमारास, हे कळतं कारण त्या दिवसांत ते एकेका सूरेच्या शेवटी तारीख घालतात. आणि तारखेसोबत लिहितात की माझा मुलगा मुहम्मद गेला, मन फार जड आहे. त्याच्यासाठी शोकाच्या ओळीही घालतात. म्हणजे याकूबच्या रडण्यावरचं ते सगळं मुद्देसूद लिखाण या माणसाने मुलाला नुकतंच गमावलेलं असताना केलं.

आणि वाचणाऱ्याला एक विनंती करतात. माझ्या पुस्तकातून तुला काही मिळालं असेल तर माझ्या मुलासाठी आणि माझ्यासाठी फातिहा म्हण, आणि जो परमुलखात, भावांपासून, आईबापांपासून लांब मेला त्याच्यासाठी दया माग.

सर ही ओळ वाचून थांबले. पुस्तक उलटं ठेवलं. बाहेर भाजीवाला ओरडत होता. सरांनी दोन्ही हात पुढे धरले आणि हळू आवाजात त्या सात आयती म्हटल्या, आम्हीही आपापले हात धरले, मला तोवर त्या पाठ झाल्या होत्या. मग सरांनी चेहऱ्यावरून हात फिरवला, पुस्तक सरळ केलं आणि म्हणाले, "चला, पुढची ओळ. क्रियापद कुठलं आहे सांगा."